मारुतीनं मोडलेला ठेका

त्या वर्षी मारुतीशी माझं बोलणं बंद झालं होतं. देवळात जायचो, शेंदूर लावायचो, पण तोंड फिरवून. देव असेल तर त्याला माझं पोट दिसत नाही का, आणि दिसत असून गप्प असेल तर तो देव कसला, असा माझा सरळ हिशेब होता.

तसा मी भजनातला माणूस. भंडारा जिल्ह्यातल्या, बपेऱ्याकडच्या आमच्या गावात माझी मृदंगावर थाप पडली की तलावातली बदकं समेवर माना हलवतात. खोटं वाटत असेल तर बदकांना विचारा. पण धान निसवायला आलं, लोंब्या बाहेर पडू लागल्या, तेव्हापासून रोज दिवस कलला की ताप चढू लागला. ताप असा, की बायकोनं कपाळावर पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता. घामानं गोधडी पिळून घ्यावी लागे. हातपाय तुराट्यांसारखे वाळले आणि पोट मात्र धान साठवायच्या ढोलीसारखं फुगत चाललं. मी दारात पोचायच्या आधी पोट घरात जाऊन बसलेलं असे. चैन म्हणून पडेना. बसलो तर उठावंसं वाटे, उठलो तर आडवं व्हावंसं. अंगणातून तलावाच्या पाळीपर्यंत इतक्या खेपा घातल्या की तिथं पायवाट पडली. गावच्या बकऱ्या अजून तिच्यावरूनच जातात.

कुणी गॅस म्हणालं, कुणी कावीळ, कुणी करणी. तुमसरला छातीचा फोटो काढला, बेडका तपासला. दोन्ही स्वच्छ! टी.बी. नाही म्हणून मी पेढ्यांचा विचार करतो न करतो तोच डॉक्टरांचं पुढचं वाक्य आलं, की पोटात गोळ्यासारखं काहीतरी लागतंय, नागपूरला मोठी तपासणी करा, कॅन्सर तर नाही ना ते पाहून घ्या. तो शब्द कानात शिरला आणि घरी येऊन मी जाहीर केलं, नागपूर नाही आणि तपासणीही नाही.

बायको, शेवंता, चुलीपुढून उठून आली. "काहून नाई जात जी? वाघाचे कान धरल्याच्या गोष्टी सांगता, अन् सुईले भेता?"

"सुईले नाई भेत. सुई जे सांगन, त्याले भेतो."

ती पदर तोंडाशी धरून परत चुलीपाशी बसली, आणि त्या दिवशीची भाजी खारट झाली.

मग मारुतीपुढच्या मांडवात भागवत सप्ताह बसला. शेवटच्या दिवशी गोपालकाला असतो. तेवढा काला वाजवायचा आणि मग अंथरूण धरायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्या सकाळी बऱ्याच दिवसांनी मारुतीशी बोललो. म्हटलं, 'जगव म्हणत नाही. फक्त काला होईपर्यंत माझा ठेका चुकू देऊ नको. एवढा डोंगर उचललास, एक ठेका सांभाळणं काही जड नाही.'

भजन रंगात आलं होतं. तेवढ्यात मांडवाशी एक मोटार खुरडत येऊन थांबली. चाकात खिळा घुसलेला. खिळा आमच्याच मांडवाचा असावा, पण ते आम्ही कुणी बोललो नाही. एक बाई उतरल्या, नदीपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या, घाईत होत्या. आता गावात पंक्चर काढणारा एकच, आमचा टाळकरी देवाजी. तो पहिल्या रांगेतूनच ओरडला, "काला झाल्याबिगर मी उठत नाई जी! बसा, प्रसाद घ्या!" बाई कपाळाला आठ्या घालून बायकांच्या रांगेत बसल्या.

लय वाढली. पोटानं मृदंग मांडीवरून पुढे ढकलला, श्वास पुरेना, हात वर गेला तो वरच राहिला. ठेका चुकला. एकेक टाळ थांबत गेला आणि अशी शांतता पसरली की नदीसुद्धा वाहायची थांबली असेल. मी आडवा झालो. पडता पडता मारुतीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, 'एवढंही जमलं नाही ना तुला?'

"हटा, हवा येऊ द्या. मी डॉक्टर आहे," म्हणत त्याच बाई गर्दीतून पुढे आल्या. सदरा वर केला, पोटावर एक बोट ठेवलं आणि दुसऱ्या बोटानं त्यावर टकटक करू लागल्या. मध्यभागी आवाज खुला, कुशीकडे बंद. मग मला एका अंगावर वळवलं आणि मघा बंद होती तीच कूस खुली बोलू लागली. माझा जन्म मृदंगात गेलाय. डाव्या पुडीच्या चामड्याला कणीक लावली की आवाज कसा जड होतो, ते मला कुणी शिकवायला नको. पण ही कणीक आतल्या आत जागा बदलत होती.

"पानी आहे," त्या म्हणाल्या. "रोज शाम को बुखार? पसीना? वजन उतरलं?"

प्रत्येक वेळी शेवंताच माझ्या आधी "हो जी" म्हणाली. बाई म्हणाल्या, टी.बी. असू शकते.

मी म्हटलं, "मॅडम, फोटो तर साफ आला."

"छाती का साफ आया, काकाजी. पेट का किसने निकाला?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "टी.बी. पोटातपण होते. दुसरंही काही असू शकते, मी झूठ नाही बोलणार. थोडं पानी काढून तपासू. पण न तपासताच मरायला निघालात, हे कुठलं भजन?"

माणसांशी मी हवा तेवढा वाद घालतो, माझ्या कानाशी कधी घालत नाही. कानानं ऐकलं होतं. म्हटलं, चला. आणि हंडी फुटायच्या आत देवाजी उठला, चाक दुरुस्त केलं, डोळे पुसत. त्याच मोटारीतून शेवंता आणि मी भंडाऱ्याला, बाईंच्या दवाखान्यात गेलो.

सुईनं काढलेलं पाणी धानाच्या तणसाच्या रंगाचं, पिवळसर निघालं. निकाल येईपर्यंत दवाखान्याची फरशी मी चालून चालून झिजवली. शेवटी बाईंनी आम्हाला बसवून सांगितलं, पोटाचा टी.बी. आहे, कॅन्सर नाही, गोळ्या पूर्ण घ्या, बरे व्हाल. टी.बी. झाला म्हणून आनंदानं रडणारी बाई जगात एकच असेल, ती माझी बायको.

गोळ्या पूर्ण घेतल्या. पोट उतरलं, मृदंग पुन्हा मांडीवर नीट बसू लागला. आता मारुतीपुढे उभा राहिलो की त्या मागण्याची आठवण येते. ठेका चुकू देऊ नको म्हणालो होतो. त्यानं ऐकलं असतं तर काला नीट पार पडला असता, बाई चाक दुरुस्त करून निघून गेल्या असत्या आणि मी ठरल्याप्रमाणे अंथरूण धरलं असतं. म्हणून आता मी काही मागत नाही. हात जोडतो आणि गप्प उभा राहतो, माझ्यासारख्याला ते फार कठीण जातं. आयुष्यभर मीच वाजवत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा आडवा पडून दुसऱ्याच्या बोटांखाली निमूट वाजलो, आणि आत काय भरलंय ते तेव्हाच कळलं.

बाकीच्या गोष्टी मी थोड्या फुगवून सांगतो, गावाला माहीत आहे. ही मात्र थोडी कमी करूनच सांगितली आहे.