वावरातल्या डब्याचे चार पाय

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाईंनी अल्लीपूरचं वावर पाहिलं नव्हतं. सासरे गेल्यावर ते वावर त्यांनीच राखलं होतं. त्यामुळे हिवाळा लागून जवारीच्या कणसात दूध भरलं, की घरात बसल्या बसल्या त्यांचा जीव तिकडे ओढ घ्यायचा. हुरड्याला जायचं आणि चार दिवस तिथंच राहायचं, एवढंच त्यांचं मागणं. अडचण होती संडासाची. डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि वावरातल्या झोपडीत खुर्चीचा संडास कुठून येणार? ‘पुढच्या वर्षी नेऊ’ असं आम्ही म्हणायचो. त्या दिवशी त्या पानात पोळी अर्धीच घ्यायच्या.

माझा साळा हिंगणघाटला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. दोन हजार तीन-चारच्या सुमारास तिकडचं एक रस्त्याचं काम संपलं, तेव्हा ठेकेदाराच्या इंजिनिअरची चाकांवरची खोली विक्रीला निघाली. ती साळ्यानं आणली. आत पलंग, बेसिन आणि खुर्चीचा संडास! बाहेर चारही कोपऱ्यांना चार लोखंडी पाय. दाराशेजारी बटनं, दाबली की बॅटरीवरची मोटर गुरगुरते आणि पाय खाली उतरतात. घरात त्याचं नाव पडलं ‘डबा’.

पौषातल्या एका सकाळी ट्रॅक्टरला डबा जोडून आम्ही वावरात पोचलो. धुऱ्याजवळची, बांधालगतची जागा दिसायला सपाट. काळ्या मातीचं असंच असतं. वरून वाळलेली खापरी, खाली लोणी. शिवाय पलीकडच्या वाफ्यात हरभऱ्याला नुकतंच पाणी दिलेलं. डबा उजवीकडे चांगलाच कलला होता.

“आता पाय सोडा, भाऊजी,” साळा मला म्हणाला.

मीच का? मी वर्ध्याच्या एका कचेरीतला कारकून, राहणार सिंदी मेघे. लोखंडाशी माझा संबंध कपाटापुरता. पण सासरी मी जवाई, आणि त्या घरात जवायाचा मान म्हणजे पोलादी प्रकरण. एकदा सगळ्यांना सेलूच्या लग्नाला नेताना मी रस्ता चुकवून जीप आंजीला नेली, तर वाटेत कोणी टोकलं नाही; उतरताना साळा म्हणाला, “चाला, आंजीबी पाहून झाली.” सासूबाई तर माझ्याशी थेट बोलतच नसत. डोक्यावरचा पदर पुढे ओढून बायकोला सांगायच्या, बायको मला सांगायची. आम्ही दोघं एकाच पाटीतले कांदे निवडत असलो तरी हाच रस्ता.

तर सासूबाईंना आधीच आत पलंगावर बसवलं होतं. आधी माणूस, मग घर. हीही आमचीच रीत. मी ऐटीत उजव्या मागच्या कोपऱ्याचं बटन दाबलं. पाय उतरला, मातीला टेकला. मी दाबतच राहिलो. माझा साधा हिशोब: जी बाजू खाली, ती पायानं वर उचलायची. पाय असतो कशासाठी?

मोटरचा आवाज बदलला. डबा तसूभर वर आला आणि पुन्हा बसला. पायाच्या तळाची पाटी मातीत शिरू लागली.

“बराबर चाललं आहे ना?” मी विचारलं.

“एकदम बराबर,” साळा म्हणाला. पण त्याची नजर माझ्याकडे नव्हती, त्या पाटीकडे होती.

उजवा मागचा पाय ऐकेना, म्हणून मी पुढचा रेटला. मग डावा. डब्याच्या पत्र्यातून ‘कर्र’ असा आवाज आला. आतून सासूबाईंचा आवाज आला, लेकीला उद्देशून: “अवं, त्याइले सांग, माही खाट कलून राह्यली.”

बायको बाहेर खिडकीशी उभी, मी तिच्या शेजारी. ती वळून म्हणाली, “आई म्हणते, खाट कलते आहे.”

“त्यांना सांग, होईल सरळ,” मी म्हणालो.

“आई, होते म्हणतात सरळ.”

“कधी?”

“कधी, म्हणते आई.”

एवढ्यात बायकोनं दार ओढून पाहिलं. उघडेना. सांगाडाच पिळवटला होता, चौकट दाराला घट्ट चावून बसलेली. सासूबाई आत, काठी हातात, जमीन तिरपी, आणि माझा अंगठा अजून बटनावरच. घाबरल्यावर माणूस जे करत असतो तेच जास्त जोरात करतो.

तेव्हा खिडकीत पदर मागे सरकलेला दिसला. सासूबाई सरळ माझ्याकडे पाहत होत्या.

“जवाईबापू, ते बटन सोडा. चुकून राह्यलं तुमचं.”

मी सोडलं. मोटर थांबली. जवायाला ‘चुकलं’ असं त्या घरात पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. साळ्यानं तर डोळेच मिटून घेतले.

मग सगळे एकदम बोलायला लागले. पाय वर घेतले तसा डबा हुश्श करून चाकांवर बसला आणि दार आपसूक उघडलं. सासूबाईंना उतरवून कडुलिंबाखाली खुर्चीवर बसवलं.

“मले तवाच दिसत होतं, भाऊजी,” साळा म्हणाला. “हे पाय उचलाले नसतात. डबा डुलू नये म्हनून नुसता टेकू असतो. ट्रॉली सरळ कराची तं चाकाखाली कराची.”

“मग बोलला का नाहीस?”

“जवायाले कोन बोलन?”

“तुझी आई आत कोंडली होती, बाबा!”

“म्हनून तं मी देवाचं नाव घेऊन राह्यलो होतो.”

उजव्या चाकापुढे दोन जाड फळ्या टाकल्या आणि ट्रॅक्टरनं डबा त्यांवर चढवला. चाकांना दगड लावले, ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्याचा स्क्रू फिरवून पुढची बाजू जुळवली. डब्यातल्या जमिनीवर ठेवलेल्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला. मग पायांखाली एकेक लाकडी ठोकळा. मी बाजूला झालो, तर खुर्चीवरून हुकूम आला: “बटन जवाईबापूच दाबतीन. पन मी थांबा म्हनलं की थांबाचं.”

त्यांनी म्हटलं, मी थांबलो. प्रत्येक पाय ठोकळ्याला नुसता भिडला.

त्या क्षणी माझ्या डोक्यात डब्यापेक्षा दुसरंच काही चाललं होतं. ऑपरेशन झाल्यापासून आम्ही त्या उठल्या की दोन्ही बाजूंनी काखेत हात घालत होतो. अक्षरशः उचलत होतो. त्यांना असं उचललेलं नको असेल. कोणी जवळ उभं राहिलं असतं, तरी पुरलं असतं. हे कळायला मला एक लोखंडी पाय चिखलात घालावा लागला.

त्या आत गेल्या तेव्हा मी हात पुढे केला नाही. दाराच्या पायरीशी नुसता उभा राहिलो. काठी टेकत त्या पलंगापासून संडासापर्यंत गेल्या, परत आल्या. डबा हलला नाही. मग खिडकीतून धुऱ्यापलीकडच्या जवारीकडे बराच वेळ पाहत बसल्या.

चार दिवस झाले. माझी रजा संपली. रोज सकाळी गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची आणि मी कशी करपवतो ते सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगायचं, असा क्रम पडला होता. माझा मान त्या वावरात कुठं पडला, कुणास ठाऊक. शोधावासाही वाटला नाही. पाचव्या सकाळी मी सामान बांधलं आणि पलंगावर ताट घेऊन बसलेल्या सासूबाईंना विचारलं, “आई, निघायचं ना?”

त्यांनी पोळीवर पिठलं घेतलं. अख्खी पोळी होती.

“तुमाले कचेरी असन तं जा,” त्या म्हणाल्या. “मले काऊन उठवता?”