जेवणाच्या पंगतीवर अक्षता

फोन देवरावचा होता. नागपूरजवळ कोराडीला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग करतो, मिक्सिंगही स्वतःच करतो. नमस्कार नाही, काही नाही.

"मावशी, अक्षता कुठं गेल्या?"

"काढल्या."

"काढल्या म्हणजे?"

"काढल्या म्हणजे काढल्या. नवीन व्हर्जनमध्ये नाहीत."

मग म्हणाला, "उद्या संध्याकाळी रिसेप्शन आहे मावशी. मोठ्या स्क्रीनवर लग्नाची फिल्म लावाची आहे. मी मेलो."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवऱ्याचं नागपुरात गांधीबागेत लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. तो कॅमेरा धरायचा, मी मिक्सिंग करायची. मिक्सिंग म्हणजे नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, वर गाणं टाकायचं. तो गेल्यावरही दुकान चालवलं. गुडघ्यांनी जिने चढू दिले नाहीत तेव्हा बंद केलं. माझी भाची वैशाली इंजिनिअर आहे. तिनं स्टुडिओवाल्यांसाठी मिक्सिंगचं सॉफ्टवेअर बनवलं आणि सदरला ऑफिस घेतलं. त्या इमारतीला लिफ्ट आहे, म्हणून मी जाते. नवीन व्हर्जन आलं की आधी मी चालवून बघते. तक्रारीचा फोनही मीच घेते. माझ्यावर कोणी फार वेळ ओरडत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षता नावाचा इफेक्ट होता. बटन दाबलं की पडद्यावर वरून तांदूळ पडायचे. एके काळी लोकांना फार आवडायचा. आता लग्नाची फिल्म सिनेमासारखी लागते. अक्षता कोणी टाकत नव्हतं. पण त्या एका इफेक्टपायी सगळं सॉफ्टवेअर जड झालं होतं. प्रत्येक दाणा कॉम्प्युटरला वेगळा काढावा लागायचा. शेवटी सगळे तुकडे जोडून एक फिल्म तयार होते, त्याला रेंडर म्हणतात. त्या रेंडरला जुनी मशीन रडायची. "काढून टाका," असं मीटिंगमध्ये मीच म्हटलं. आमच्या पंकजनं, तोच प्रोग्राम लिहितो, काढून टाकला. नवीन व्हर्जन पळायला लागलं. फोन आला तो एकट्या देवरावचा.

फोन मी स्पीकरवर टाकला. पंकज म्हणाला, "दादा, तुम्हाले जुनं व्हर्जन परत देतो. फिल्म नव्यात बनवा, जुन्यात नेऊन अक्षता टाका."

"जुन्यात अक्षता टाकल्या की माझी मशीन दोन दिवस घेते गा. नवीन फास्ट आहे म्हणून तं अपडेट केलं."

"फास्ट झालं कारण अक्षता गेल्या," पंकज म्हणाला.

वैशालीचा चेहरा उतरला. "मावशी, परत टाकून द्यायच्या का?"

"नाही," मी म्हटलं. मग देवरावला विचारलं, "तुले अक्षता लागतात काहून?"

"पब्लिकले आवडते मावशी."

"कुठं टाकतो? मंगलाष्टकात?"

"सगळीकडं."

"सगळीकडं म्हणजे?"

"हळदीपासून बिदाईपर्यंत."

"जेवणाच्या पंगतीवर पण?"

"हो नं."

पंकज तोंडावर हात धरून हसायला लागला. मला हसू आलं नाही. धंद्यात इतकी वर्षं काढली आहेत. माणूस पंगतीवर तांदूळ पाडतो तेव्हा तो काहीतरी झाकत असतो. मी सांगितलं, "हार्ड डिस्क घेऊन इकडं ये. आत्ताच निघ."

कोराडीहून बसनं आला. शर्टाच्या आत हार्ड डिस्क, घामानं डबडबलेला. पंकजनं फिल्म लावली. नवरीचा चेहरा मोठा दिसला. गालावर काळा ठिपका. पंकजनं खिशातून रुमाल काढला आणि स्क्रीन पुसली. ठिपका गेला नाही. त्यानं पुन्हा पुसली.

"स्क्रीन नको पुसू गा," देवराव खाली बघत म्हणाला. "माझ्या कॅमेऱ्यात आहे."

मग सगळं सांगितलं. त्यांच्याकडे हवेत वीजकेंद्राची राख असते, शिवाय कोळशाचे ट्रक जात असतात. लग्न मैदानात. हा मंडपात उभं राहून लेन्स बदलायचा. लांबची काढली, जवळची लावली. तेवढ्यात कॅमेरा उघडा पडतो आणि बारीक कण आत जाऊन बसतात. मग जे काही शूट होईल त्यावर ठिपके. तांदूळ पडत राहिले की ते दिसायचे नाहीत. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या लोकांना वाटायचं, ही देवरावची स्टाईल आहे.

"साफ काहून नाही केला?" मी विचारलं.

"आत हात लावाले भेव वाटते. बिघडला तं दुसरा कुठून आणू? आणि हे ठिपके मोठ्या स्क्रीनवर दिसले तं कॉलनीतलं एक लग्न मले भेटणार नाही, मावशी."

ते खरं होतं. लग्नाचा फोटोग्राफर एका रिसेप्शनमध्ये बनतो आणि एका रिसेप्शनमध्ये बुडतो.

पंकज कामाला लागला. त्यानं असं केलं की कॉम्प्युटर स्वतःच काळे ठिपके शोधील आणि आजूबाजूच्या रंगानं भरून टाकील. तासाभरानं दाखवलं. नवरीचा गाल साफ. वैशालीनं टाळी वाजवली.

"पुढं चालव," मी म्हटलं.

पुढे नवरदेवाची आई आली. तिच्या हनुवटीवर तीळ होता, तो गेला होता. नंतर नवरीचा गळा. मंगळसूत्रातले काळे मणी गायब. नुसत्या दोन वाट्या लटकत होत्या.

देवराव खुर्चीतच बसला. "हे दाखवलं तं मले मंडपातच गाडतीन."

"कॉम्प्युटरले काय कळते, कोणता काळा शुभ आणि कोणता अशुभ," मी म्हटलं.

पंकजनं केस ओढले. मग फिल्म मागेपुढे, मागेपुढे करत बसला. एकदम थांबला. "मावशी, बघा नं. नवरी हलते, पण ठिपका हलून नाही राहिला."

सोपी गोष्ट होती. मणी नवरीबरोबर हलतात. ठिपका कॅमेऱ्यात बसला आहे, तो स्क्रीनवर एकाच जागी राहतो. मग कॉम्प्युटरनं शोधायचंच कशाला? माणसानं एकदा बोट ठेवून सांगावं, हा, हा आणि हा. तेवढेच त्यानं भरावेत. पंकजनं तसं केलं. खुणा देवरावनं स्वतः केल्या, सुईत दोरा ओवावा तशा जपून. मी पंगतीचा भाग लावायला सांगितला, कारण तिथं माणसं फार हलतात. वाढपी गेला, जिलेबी गेली, ठिपका कुठं नाही. नवरीचे मणी जागेवर होते. नवरदेवाच्या आईचा तीळही परत आला होता.

आमच्याच मशीनवर रेंडर लावलं. चहा पिऊन होईतो फिल्म तयार. देवराव दोनदा म्हणाला, "झाली?"

"अक्षता नाहीत न त्यात," पंकज म्हणाला. ह्या वेळी देवरावही हसला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आग्रहानं मी आणि वैशाली रिसेप्शनला गेलो. फिल्म लागली. देवराव स्क्रीनकडे बघतच नव्हता, लोकांच्या तोंडाकडे बघत होता. नवरीचा चेहरा भिंतीएवढा आला, स्वच्छ. मागून कोणीतरी म्हणालं, "ह्या वेळी कॅमेरा नवीन घेतला वाटते." जेवणाच्या वेळी दोघं आपापल्या घरच्या लग्नासाठी त्याची तारीख विचारून गेले.

ठिपके भरायचं बटन आता सॉफ्टवेअरमध्ये कायमचं आहे. कोराडीसारख्या गावांतले बरेच जण वापरतात. अक्षता परत आल्या नाहीत, येणारही नाहीत. वैशालीला मी एवढंच सांगितलं की कोणी किती वापरतं ते मशीन मोजून देते. काहून वापरतं, ते फोन करून विचारावं लागतं. आता काहीही काढायच्या आधी ते फोन मी करते. देवरावला वेगळं सांगितलं. कॅमेरा कंपनीकडून साफ करून घे, आणि लेन्स घरात, दार लावून बदल.

त्या रात्री रिसेप्शनमधून निघताना नवरदेवाची आत्या देवरावला अडवून उभी होती. "काय गा, आमच्या थोरल्याच्या लग्नाच्या फिल्ममध्ये जेवणावर पण अक्षता पडून राहिल्या होत्या. ह्याच्यात काहून नाहीत?"

देवरावनं माझ्याकडे पाहिलं. मी चपला शोधत होते.

"आत्याबाई," तो म्हणाला, "अक्षता नवरा-नवरीवर टाकतात, जेवणावर नाही."