केबल नसलेला अडॅप्टर

सचिन आणि कडोदरा या शहराबाहेरच्या दोन गावांतल्या कापड-कारखान्यांतले कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. शेठचं शहरातलं ऑफिस आणि तिकडचा कारखाना व्हीपीएननं, म्हणजे नेटवरच्या खासगी कुलूपबंद वाटेनं, जोडून देणं तर मी डोळे मिटून करतो. ‘भाई, नेट नथी चालतुं’ असा फोन आला की निम्म्या वेळा जागेवरून न उठता दुरुस्ती सांगतो आणि ती बरोबर निघते. ही फुशारकी नाही. बरं, थोडी आहे. लिंबायत या वस्तीतल्या ज्या गल्लीत वडिलांनी तीस वर्षं माग चालवले, तिथं त्यांचा मुलगा पंख्याखाली बसून काम करतो, याची ऐट असणारच.

मला एक धाकटी बहीण आहे. तिचं सासर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. तिथं एका खोलीत पाच माणसं, म्हणून कामापुरती ती रोज सकाळी आमच्याकडे येते; वरच्या खोलीत तिचं टेबल आहे. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती दवाखान्यांच्या नोंदी तपासते. पेशंटांची माहिती असल्यामुळे सगळं काम कंपनीच्या व्हीपीएनमधून चालतं. कंपनीनं तिला तीन महिने चाचणीवर घेतलं होतं. सासूबाईंनीही तेवढीच मुदत दिली होती: कायम झालीस तर ठीक, नाहीतर पहिल्यासारखी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटव. टिकल्या चिकटवून चिकटवून तिची नखं कायम खळीनं पांढरी असायची, मला ते बघवत नसे. ती कायम व्हावी असं माझ्या मनात तिच्याइतकंच होतं.

चाचणी संपायला एकच दिवस उरला होता आणि तो दिवस नेमका दसऱ्याचा. कंपनीला दसऱ्याची सुट्टी नव्हती.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या गल्लीत त्या दिवशी माग थांबतात. त्यांची तेल-धूळ पुसायची, हळदकुंकू वाहायचं, आणि पूजा झाली की दसऱ्यापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. बहिणीची साप्ताहिक सुट्टी होती, ती सासरी घर पुसत होती. तेव्हा तिच्या कॉम्प्युटरची पूजा मीच करायला घेतली. वडील जिन्यातून आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, “जेना माग तेनीच पूजा करानी. तिले येऊ दे.” मी म्हटलं, मशीन जोडलंय कुणी? वडील जिना उतरून गेले. त्यांनी वाद सोडला म्हणजे पटलं असं नसतं, हे मला आता कळतं.

हवेच्या पंपानं धूळ उडवली, पंखा पुसला, डब्याला कुंकू लावलं. मग वाटलं, बाहेरून एवढं चकचकीत केलं, आत कचरा कशाला? मशीन जोडताना स्वतःसाठी ठेवलेल्या खात्यातून ते उघडलं, तर नेटवर्कच्या खिडकीत पाच अडॅप्टर, म्हणजे नेटला जोडायची दारं, दिसत होते. एक वायरचा, एक वायफायचा, आणि तीन अशी अगम्य नावं असलेले की एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. तिघांवरही लाल फुली आणि खाली लिहिलेलं, केबल निघालेली आहे. केबल मुळात लावायला त्यांना भोकच नव्हतं. मागवाल्याच्या पोराला बंद पडून जागा अडवणारं यंत्र बघवत नाही. तिन्ही उपटून टाकले, कॉम्प्युटर बंद केला, वर झेंडूचं फूल ठेवलं.

माझ्यासारख्या माणसानं असं कसं केलं, हे नीट सांगायला हवं. कारखान्यांत मी जे व्हीपीएन लावतो, ते भिंतीवरच्या डब्यात असतं. तिथल्या कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नसतो. बहिणीचं व्हीपीएन कॉम्प्युटरमध्येच होतं. असं सॉफ्टवेअर स्वतःसाठी एक खोटा अडॅप्टर तयार करतं. कंपनीकडे जाणारं सगळं कॉम्प्युटर त्याच्या हातात देतो. सॉफ्टवेअर ते कुलूपबंद करतं आणि मग खऱ्या वायरीतून बाहेर पाठवतं. जोडणी चालू नसली की तो खोटा अडॅप्टर मेल्यासारखा दिसतो. एरवी मी कुठलंही मशीन चालू कामात बघतो. त्या दिवशी ते सणामुळे झोपलेलं होतं, आणि झोपलेल्याला मी मेलेला समजलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

दसऱ्याला सकाळी साडेआठला बहीण आली. नऊला हजेरी. पाच मिनिटांत तिची हाक आली.

“भाऊ, यामातून तू काय काढी टाकं?”

“जे कामनं नही ते.”

“कोनी सांगं तुले कामनं नही?”

पडद्यावर लिहिलेलं होतं: अडॅप्टर सापडत नाही. घोळ माझ्या लक्षात आला, पण मी म्हणालो की पाच मिनिटांचं काम आहे. तिनं कंपनीच्या मदत-विभागाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिकडे एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, परवा तर चालत होतं, आज काय झालं?

मी हातानं खूण केली: आपोआप गेलं म्हण. कंपनीचा नियम मला माहीत होता. घरातल्या दुसऱ्या कुणी मशीनला हात लावायचा नाही. खरं सांगितलं तर चाचणीच्या शेवटच्या दिवशी ती आपल्याच हातानं आपली नोकरी घालवणार होती, आणि तीही माझ्यामुळे.

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “माझ्या भावानं साफ करताना अडॅप्टर काढला,” ती म्हणाली. “मशीन माझ्या ताब्यात आहे, तेव्हा चूक माझी.”

मला त्या क्षणी बहिणीचा रागच आला. मग त्या बाई एवढंच म्हणाल्या, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका.

मी खुर्ची ओढायला गेलो. “आते हात लावू नको,” ती म्हणाली. ‘आते’ म्हणजे आता; ते ‘यापुढे’सारखं ऐकू आलं. एकदा माझ्या खात्याचा पासवर्ड विचारला गेला तेव्हा तेवढा मी टाकला आणि मागे सरकलो. खोटा अडॅप्टर पुन्हा उगवला. पण जोडणी लागायची आणि अर्ध्या मिनिटात तुटायची. नऊला चार मिनिटं होती. बहिणीनं वही उघडली आणि सेटिंगमध्ये माहिती पाठवायची रीत बदलून यूडीपीच्या जागी टीसीपी निवडायला लागली. मी ओरडलो, तो हळू असतो! खरंच असतो, यूडीपी माल टाकतो आणि पुढे जातो, टीसीपी पोचपावती मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाही. ती म्हणाली, “आपल्या केबलवाल्याच्या लाइनवर यूडीपी टिकत नाही. पहिल्या आठवड्यातच मी लिहून ठेवलंय.” वहीत ते होतं, तारखेसकट, तिच्या बारीक अक्षरात. माझ्याच गल्लीतली लाइन, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

नऊला दोन मिनिटं कमी असताना हिरवा दिवा लागला आणि टिकला.

फोनवरच्या बाई अजून होत्या. जोडणी लागताच मशीनची नोंद त्यांच्यापर्यंत पोचली होती. “काल अकरा दहाला अडॅप्टर काढल्याचं इथं दिसतंय, दुसऱ्या खात्यातून,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वेगळं काही सांगितलं असतं, तर मला तुमचं काम आजच थांबवावं लागलं असतं. तुम्ही स्वतः खरं सांगितलंत, असं तुमच्या वरिष्ठ मॅडमना मी कळवते. मात्र ते दुसरं खातं आत्ता काढा. मशीनची मालकीण एकच हवी.”

माझा राग कुठं गेला कळलं नाही.

मशीनचे सगळे अधिकार मी तिच्या नावावर केले. मग माझं खातं तिनं स्वतः पुसलं, आणि नवा पासवर्ड टाकायची वेळ आली.

“भाऊ, तिकडे तोंड कर.”

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे कीबोर्ड बराच वेळ वाजत होता.

“झालं,” ती म्हणाली. “आते जाय. माले काम शे.”