तीन इंच उंच गाडी

आमच्या घराण्यात भित्रा असा मी एकटाच. बाकी सगळे संस्थानच्या घोडदळात होते, निदान वडील तसं सांगतात. ते स्वतः जन्मभर शाळेत गणित शिकवत होते, पण बोलणं असं की जणू कालच घोड्यावरून उतरलेत. मी विजय नगरातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो. मला पाण्याची, धुक्याची, उताराची, मागून हॉर्न वाजवणाऱ्यांची, सगळ्याचीच भीती वाटते. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," वडील म्हणतात, आणि हे म्हणताना हमखास माझ्या पिकअपकडे बघतात.

पिकअप घेतली ती सिमरोलचा घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या आमच्या शेतासाठी. पुढे पाच माणसांची केबिन, मागे माल भरायला उघडा हौदा. घेतल्यापासून मी तिला काही ना काही लावतच गेलो. नीलगाय आडवी येईल म्हणून पुढे जाड लोखंडी गार्ड. धुकं पडेल म्हणून पिवळे दिवे. मागचं दिसत नाही म्हणून कॅमेरा. ऑफिसातल्या लोकांना वाटायचं, काय शौकीन माणूस आहे! कॉलेजात जाणारी माझी मुलगी मैत्रिणींना गाडीचे फोटो पाठवायची. शौक कसला आलाय? जिथे जिथे घाबरलो, तिथे तिथे काहीतरी बसवून घेतलं, इतकंच.

गेल्या पावसाळ्यात शेताच्या वाटेवरच्या नाल्यात गाडी बंद पडली आणि दाराच्या फटीतून पाणी पायापर्यंत आलं. पाऊण तास मी सीटवर पाय घेऊन बसलो होतो. त्या दिवशी ठरवलं, गाडी उंच करायची. देवास नाक्याजवळच्या एका मिस्त्रीकडे दिली. त्याने मागच्या कमानींचे पाटे बदलले, पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, मोठे टायर चढवले. गाडी तीन इंच वर उचलली गेली. नवमीच्या संध्याकाळी घ्यायला गेलो तेव्हा तो हात पुसत म्हणाला, "साहबजी, एक काम बाकी है. दो दिन छोड़ जाओ."

मागच्या चाकांच्या ब्रेकला एक वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, असतो. हौद्यात वजन पडलं की गाडी खाली दबते, त्यावरून तो ओळखतो की माल भरलाय आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. आता गाडीच उंच झाली होती. कितीही माल भरला तरी त्या बिचाऱ्याला हौदा रिकामाच वाटणार होता. त्याची दांडी लांब करायला हवी होती आणि तो पार्ट दोन दिवसांनी येणार होता. "ले जाना है तो खाली चलाना, माल मत भरना," मिस्त्री म्हणाला. "और घाट मत उतारना, भिया."

पण दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे दसऱ्याला पेटीतली तलवार निघते, तिची आणि वाहनाची शेजारी शेजारी पूजा होते, आणि मग त्या वाहनावर बसून वेस ओलांडायची. घोडे गेले, तेव्हा वडिलांनी सायकलवरून ओलांडली, मग स्कूटरवरून. सीमोल्लंघन चुकलेलं नाही. गाडी मिस्त्रीकडे ठेवावी लागेल असं फोनवर नुसतं सुचवलं तर म्हणाले, "दसऱ्याला घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात? शाबास!" ब्रेकचं सांगितलं असतं तर ते हसले असते. पन्नाशीला आलेला माणूस मी, बापाच्या हसण्याला अजून घाबरतो. गाडी घेऊन आलो आणि गप्प बसलो.

सकाळी पूजा झाली. झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू फुटलं. मला वाटलं, बायपासपर्यंत जाऊ, वेस ओलांडली म्हणू आणि परत येऊन श्रीखंड खाऊ. पण वडील बाहेर आले ते काठी, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन. "शेतावर जाऊ. बांधावरच्या आपट्याचं सोनं आणू. आणि जातोच आहोत तर खताची पोती टाक मागे." पेरणीसाठी आणलेली बारा पोती खाली पार्किंगमध्ये पडली होती. वॉचमन आणि मी ती हौद्यात चढवत होतो. प्रत्येक पोतं आपटलं की मी वाकून मागचं चाक बघत होतो. बारावं चढवेपर्यंत मी मनात वाक्य जुळवत होतो. ते तोंडातून निघालंच नाही. वडील पुढे बसले, मुलगी मागे. बायको वरून म्हणाली, "जेवायच्या आत या." मी हो म्हणालो.

सिमरोलपर्यंत रस्ता सपाट, तरी माझा शर्ट पाठीला चिकटला होता. घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा थांबायला हवं होतं. तिथे चहाच्या टपऱ्या आहेत, गाडी वळवायला जागाही आहे. वडील एका पूर्वजाची गोष्ट सांगत होते, मुलगी "मग काय झालं, आजोबा?" म्हणत होती, आणि मी उतरायला लागलो.

जाणता ड्रायव्हर घाटात खालचा गिअर टाकतो आणि ब्रेक जपून वापरतो. घाबरट माणूस ब्रेकवरचा पाय काढतच नाही. मीही काढला नाही. ब्रेकचा सगळा भार पुढच्या चाकांवर येत होता, मागची नुसती ढकलत होती. चौथ्या वळणावर जळका वास आला. मुलगी म्हणाली, "पप्पा, कोणाची तरी गाडी जळतीये यार." मला माहीत होतं कोणाची. पुढच्या वळणापलीकडे सिमेंटच्या गोण्या भरलेला एक ट्रक उभा होता, त्याच्यापुढे अडकलेल्या गाड्यांची रांग. मी ब्रेक दाबला. पाय खाली खाली जात राहिला आणि गाडी चालतच राहिली.

इतकी भीती मी जन्मात अनुभवली नव्हती. ट्रकचा मागचा फाळका मोठा होत होता आणि मला फक्त आरशात मुलीचा चेहरा दिसत होता. वडील म्हणाले, "गिअर." आवाज न चढवता, फळ्यावरची चूक दाखवावी तसे. मी दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक खेचला आणि स्टिअरिंग डोंगराकडे फिरवलं. डावी चाकं गटारात उतरली, गार्ड दगडावर करकरत गेला आणि गाडी थांबली. ट्रकपासून हातभर अंतरावर.

सिमेंटच्या ट्रकचा म्हातारा ड्रायव्हर खाली उतरून आला. चाकाजवळ वाकला, वास घेतला, मग उंच केलेल्या पाट्यांकडे बघितलं. "ब्रेक में कुछ काम बाकी था क्या?"

"था," मी म्हणालो. "मुझे पता था."

मुलगी उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती. "मतलब तुम्हाला मालूम होतं," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

वडील पुढच्या सीटवरून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हसला असता."

"हसलो असतो," ते म्हणाले. "आणि बसने आलो असतो." त्यांचा हात अजून डॅशबोर्डच्या कडेवर होता. बोटं सुटत नव्हती, ती मी एकेक करून सोडवली. सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या हाताला माझ्यासारखाच घाम आला होता.

पोती तिथेच दुसऱ्या गाडीत चढवली, आम्ही बसने घरी आलो. गाडी टोचन लावून मिस्त्रीकडे नेली. चार दिवसांनी त्याने ब्रेक नवे घातले आणि मला शिव्या सोडून बाकी सगळं ऐकवलं. मी वाढवलेले पाटे आणि स्प्रिंगाच काढायला लावल्या, म्हणजे लांब दांडीही नको, तेव्हा तो हसला. हसू दे.

मुलगी दोन महिने त्या गाडीत बसली नाही. आता बसते. निघताना मी म्हणतो, "सगळं काम करून घेतलंय गं." ती मान हलवते, आणि माझ्यासमोरच मिस्त्रीला फोन लावते.