वाकळेच्या पोटातलं लुगडं

आईचं लुगडं चोरीला गेलं आणि ते कुणी नेलं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझा स्वभावच असला. घरातला चमचा सापडला नाही तरी मी आधी दाराकडं बघते, कोण येऊन गेलं म्हणून.

नव्वदच्या पुढची वर्षं ती. माझं माहेर इंदापूरकडचं, सासर बारामतीजवळच्या पिंपळीत. धुणीभांडी उरकली आणि संध्याकाळचं दूध डेअरीला घालायला अवकाश असला, की आम्ही सातजणी देवळाच्या ओसरीत वाकळा शिवायला बसायचो. शहरातले लोक त्याला गोधडी म्हणतात, पण तसं म्हटलं की आमच्या आत्याबाई नाक मुरडायच्या. त्या सगळ्या आळीच्या आत्याबाई. डोळ्यांना कमी दिसायचं, पण टाक्यांवरनं बोट फिरवून हा कुणाचा हात ते बरोब्बर सांगायच्या.

वाकळेचं खरं काम वरच्या ठिगळांत नसतं, पोटात असतं. वरचं कापड आणि खालचं कापड यांच्यामध्ये जुनेराचे, म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे, जे थर घालतात ते तिचं पोट. लेकीच्या लग्नाची वाकळ असली की प्रत्येकीनं घरातलं एक सुती जुनेर त्या पोटात घालायचं, आणि काय घातलं ते बोलायचं नाही. देणारीनं सांगायचं नाही, घेणारीनं विचारायचं नाही, आभारसुद्धा मानायचे नाहीत. बोललं की ऊब जाते, असं आत्याबाईंचं म्हणणं.

त्या वर्षांत सुती जुनेर मिळेनासं झालं होतं. घरोघर नायलॉनच्या साड्या आल्या होत्या. त्या पोटात घातल्या की वाकळ घसरते आणि उबेच्या नावानं बोंब. त्यामुळं एकमेकींच्या ट्रंकांवर आमचा डोळा असायचा. खोटं कशाला बोलू?

माझ्या ट्रंकेत आईचं हिरवं लुगडं होतं, लाल काठाचं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिचं बाकीचं सगळं भावजयीनं वाटून टाकलं, मला हे एवढंच आलं. नेसण्याजोगं उरलं नव्हतं, निम्मंच धड होतं. पण वर्षातनं एकदा काढून तोंडाशी धरलं की मिश्रीचा आणि चुलीच्या धुराचा वास यायचा. तो वास म्हणजे माझी आई. नवरात्रात घर झाडताना ट्रंक उघडली, तर लुगडं नाही. मी खाली बसून ढसाढसा रडले.

मग उठले आणि हिशेब जुळवला. गणपतीच्या दिवसांत एकजण माझ्याकडं दाभण मागायला आली होती. आमच्या सातजणींतलीच. माहेर पणदरे, म्हणून सगळे तिला पणदऱ्याची म्हणायचे. मी चहा टाकायला आत गेले तेवढा वेळ ती ट्रंकेच्या खोलीत एकटी होती. तिच्या थोरलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलेलं, वाकळ शिवायला घेतलेली, म्हणजे जुनेराची गरज तिलाच. मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, ट्रंक पुन्हा एकदा बघ. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवली आणि जे दिसलं त्यानं माझी खात्रीच पटत गेली. आधी थट्टामस्करी करणारी बाई, आता माझ्याकडं बघायची आणि पटकन मान खाली घालायची. कधी टक लावून बघत बसायची आणि मी वळले की सुईत दोरा ओवायला लागायची. अर्धी झालेली वाकळ तिनं ओसरीतनं उचलून घरी नेली, म्हणाली, रात्रीचेही चार धावदोरे घालते. दसऱ्याच्या आसपास तिची गाय व्याली, तर पातेलंभर खरवस घेऊन आली, वेलची घालून केलेला. इतक्या वर्षांत वाटीभर ताक दिलं नव्हतं तिनं. मनात म्हटलं, आत्ता कळलं, माझं तोंड गोड करायला आलीस होय. ती गेल्यावर तो सगळा खरवस मी म्हशीच्या आंबोणात ओतला.

भाऊबीज झाली की आमचं एक ठरलेलं असायचं. ओसरीत फराळाची ताटं आणायची, वर्षभरात काय काय शिवलं ते एकमेकींना दाखवायचं आणि हातानं केलेली एकेक वस्तू सगळ्यांना द्यायची. त्या वर्षी कुणी दुपटी आणली, कुणी उशांचे अभ्रे. मी पँटच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या होत्या. तिची पिशवी तिच्या हातात न देता मी पुढ्यात टाकली. तिनं ती उचलून कपाळाला लावली. मला वाटलं, काय नाटकी बाई आहे.

मग तिनं लेकीची वाकळ पसरली. लग्नाच्या वाकळेची एक बाजू हातभर उघडी ठेवतात, ती सगळ्यांनी मिळून बंद करायची असते. त्या उघड्या बाजूनं आतलं विरलेलं पांढरं कापड दिसत होतं आणि त्याच्या फाटीतनं हिरवं. हिरव्याला लाल काठ.

माझं डोकं फिरलं. दोरा तोडायचं पातं हातात होतंच. मी तिथंच शिवण उसवायला लागले. कुणीतरी माझा हात धरला, तो झटकला. "हे माझ्या आईचं लुगडं हाय," मी म्हणाले. "माझ्या ट्रंकेतनं नेलंय हिनं."

वीतभर उसवल्यावर ते पांढरं कापड धरून ओढलं. ते माझ्या सासऱ्यांचं धोतर होतं. पणदऱ्याचीच्या वाकळेच्या पोटात घालायला मीच दिलेलं. दुहेरी केलेलं, चारी कडांनी काळ्या दोऱ्यानं टाचलेलं, दर चार बोटांवर गाठ. आत्याबाईंनी त्या टाक्यांवरनं बोट फिरवलं आणि माझ्याकडं तोंड वळवलं.

तेव्हा मला आठवलं. आदल्या वर्षी वास घेऊन परत ठेवताना लुगड्याला कसर लागू नये म्हणून मीच ते धोतराच्या घडीत घालून चारी बाजूंनी टाचून ठेवलं होतं. आणि भाद्रपदात घाईघाईनं ट्रंकेतनं उपसून दिलं ते तेच. जाडजूड धोतर देतेय म्हणून मनातल्या मनात मिरवलेही होते.

पणदऱ्याची रडली नाही, ओरडलीही नाही. "मला वाटलं तुमी जाणूनच दिलंय," ती म्हणाली. "धोतरातनं काठ दिसला तवा वळखलं मी. मलाबी आई न्हाय. म्हटलं, माझ्या पोरीला आक्कांनी आजीची माया दिली. बोलायचं न्हाय, म्हणून गप बसले."

जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पोरीलाच असू दे ते."

तिनं माझ्या हातातलं पातं घेतलं. माझ्या गाठी एकेक करून सोडवल्या, लुगडं अलगद ओढून काढलं, घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"न्हाय आक्का. आता ह्यात तिला ऊब यायची न्हाय."

मी सुई उचलली, तर ती पण तिनं काढून घेतली. उसवलेली वीत आणि ती उघडी बाजू तिनं एकटीनं शिवली. आम्ही सगळ्याजणी नुसत्या बघत बसलो. लग्न झालं, लेक ती वाकळ घेऊन इंदापूर तालुक्यात वरकुट्याला नांदायला गेली. एका अंगानं ती वाकळ पातळच राहिली असणार.

लुगडं माझ्या ट्रंकेत आहे. अजून कधी काढून तोंडाशी धरते. मिश्रीचा वास येतो थोडासा, पण आईच्या आधी मला तो खरवस आठवतो.