नकाशातल्या तीन आडव्या रेघा

निवृत्त झाल्यावर मी बदनापूरच्या एका डॉक्टरांकडून त्यांची पन्नास वर्षांची जुनी मोटार विकत घेतली. ती नवीन जालना भागात आमच्या दारात उभी राहिली तेव्हा बायकोने विचारलं, "हिचं वायरिंग कोण बघणार?"

"मी," मी म्हणालो. आयुष्यभर दहावीला विज्ञान शिकवलेला माणूस आणखी काय म्हणणार? घरातला फ्यूज आजवर तीच बदलत आली होती.

आधी मी गाडीला रंग दिला. कुठे गंज दिसायला नको म्हणून पेंटरच्या पाठीशी उभा राहून दिव्यांच्या बोल्टखालचा पत्राही रंगवून घेतला. मग दिवे बसवले आणि गाडी बिघडली. डावा इंडिकेटर लावला की मागचा दिवाही त्याच्याबरोबर मिचमिचायचा. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा.

मी वायरिंगचा नकाशा मिळवला, मोठा करून घेतला आणि बैठकीच्या भिंतीवर लावला. रंगीत पेन्सिलींनी एकेक वायर गिरवली. येणाऱ्याजाणाऱ्याला उभं करून समजावून सांगितलं. शेजारचे निवृत्त तहसीलदार अर्धा तास ऐकून म्हणाले, "मग दिवे लागतात का?" त्यानंतर त्यांना मी चहाला बोलावलं नाही.

तीन आठवड्यांनी बायकोनेच स्टेशन रोडवरच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. चाळिशीचा माणूस आला आणि माझ्या पाया पडला. माझाच विद्यार्थी. विज्ञानात मी त्याला दोनदा नापास केलं होतं आणि "तुला नापासच व्हायचं असतं" असंही वर्गासमोर बोललो होतो. मला ते लख्ख आठवत होतं. त्यालाही आठवत असावं.

मी त्याला भिंतीपुढे नेलं. "तुला हा नकाशा जरा अवघड वाटेल," मी म्हणालो.

त्याने खालपासून वरपर्यंत शांतपणे बघितलं. "सर, तुम्ही सगळ्या वायरी रंगवल्या. ह्या खुणा राह्यल्या." प्रत्येक दिव्याच्या खाली तीन आडव्या रेघा होत्या, एकीपेक्षा एक लहान.

"ते अर्थिंग," मी म्हणालो. "ते असतंच."

"असतंय, पण इथं लागलं न्हाई. बॉडीतून करंट वापस जायला पायजे. वाट भेटंना म्हणून तो शेजारच्या बल्बातून जाऊन राह्यला."

बाहेर येऊन त्याने वायरचं एक टोक दिव्याच्या धातूच्या बुडाला आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला टेकवलं. इंडिकेटर लख्ख लागला, मागचा दिवा स्थिर झाला. मग त्याने बोल्ट काढला आणि खालचा माझा सुंदर रंग सँडपेपरने खरवडून टाकला. तो घासत होता तसं मला कसंसंच होत होतं.

"रंग लई चांगला मारला पेंटरनं, पण रंगातून करंट जात न्हाई," तो म्हणाला. "कोणी सांगितलं इथं मारायला?"

बायको चहा घेऊन आली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हे पेंटर लोक असेच."

पुढच्या रविवारी आम्ही घनसावंगीला लग्नाला गेलो. मांडवाबाहेर गाडीभोवती माणसं जमली. कुणीतरी वायरिंगचं विचारलं, आणि मी त्यांना अर्थिंगचं महत्त्व समजावून सांगू लागलो. बायको जेवायला निघून गेली.