जागा उरली तर

मंगळवार, ९ तारीख. बरेच दिवस इथे फिरकले नाही, माफ करा. आज मात्र गप्प बसवत नाही.

आमच्या वाडीतल्या देवळाची स्मरणिका आज ओरोसहून छापून आली. पीडीएफ मी केली होती. सुमनकाकीची मालवणी कविता त्यात होती, आयुष्यात पहिल्यांदा छापलेली. शेजारी पिवळ्या चौकटीत देवस्थान समितीच्या अध्यक्षांनी माझ्यासाठी फाइलमध्ये टाकलेलं टिपणही छापलं गेलं: 'जागा उरली तरच घ्या.'

टिपण मी वाचलं होतं. स्क्रीनवर लपवलं, पण पुसलं नाही. कागदावर ते उमटलं.

महाप्रसादाच्या पंगतीत कोणीतरी ओरडलं, "काकी, हय बस गे, जागा उरली तर!" सगळी पंगत हसली. आमच्याकडे असं पडलेलं नाव सरणापर्यंत सोबत येतं.

काकीने वाढलेलं पान तसंच ठेवलं आणि माझ्याकडे आली.

"तूच लिवलंस गो ह्या?"

"नाय गे काकी. मी नुसती फायल धाडलंय."

"मगे कविता तरी वाचलंस?"

मी भाताची बादली उचलली आणि पुढच्या पानाकडे वळले.

मांडणी करणाऱ्यांनो, तुम्ही मजकूर वाचता की नुसता बसवता?

उद्याचं काम: काकीची कविता वाचणे.